गुडघा दुखतो? आधी सायकलीची सीट तपासा

पहाटे सायकल चालवून मग पेढीवर जाणाऱ्या अनेक श्रावकांना गुडघेदुखी जडते. औषधापूर्वी सीटची उंची तपासावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ व्हावा, परंतु कंबर कलू नये. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा सुमारे २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीट फार खाली असल्यास बहुधा वाटीभोवती दुखते. फार वर असल्यास गुडघ्यामागे ताण येतो.

जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे सुसह्य ठरतात. दुखू लागल्यास काही दिवस अंतर निम्मे करावे, चढ टाळावेत. सूज आल्यास, गुडघा अडकत असल्यास किंवा रात्रीही वेदना होत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन सायकल दामटणे म्हणजे भांडवल मोडून नफा दाखवणे होय.

सामायिकात ४८ मिनिटे मांडी घालून बसणे, वंदनेसाठी गुडघे टेकणे, शत्रुंजयाच्या पायऱ्या चढणे, या साऱ्यांसाठी हाच गुडघा लागतो. म्हणून संयम व्यायामातही पाळावा.