मागणी मान्य झाली, मोर्चा चालूच

जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वॉशिंग्टनची थंडी ऐन भरात असते. त्या दिवसांतल्या एका शुक्रवारी या शहरात पहाटेपासून बसगाड्यांची रांग लागते. कुणी पेनसिल्व्हेनियातून आलेले, कुणी ओहायोतून, कुणी थेट दक्षिणेच्या लुइझियानातून. उतरणाऱ्यांत शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींचा भरणा मोठा. एकेका शाळेच्या एकाच रंगाच्या टोप्या, पुढे नावाचा फलक, सोबत पाद्री आणि नन्स. आपल्या वारीत गावोगावच्या दिंड्या असतात, तशा या चर्चच्या दिंड्या. आदल्या रात्री अनेकांनी शहरातल्या भव्य बॅसिलिकात जागर केलेला असतो. दुपारी भाषणे होतात आणि मग हा समुदाय कॅपिटॉलच्या टेकडीकडे चालू लागतो.

किती लोक असतात, याचे भांडण दरवर्षीचे. आयोजक लाखांत बोलतात, विरोधक हजारांत. १९९५ मधल्या एका वेगळ्याच मोर्चाच्या गर्दीवरून वाद पेटला आणि तेव्हापासून तिथल्या सरकारी उद्यान खात्याने माणसे मोजणेच सोडून दिले. त्यामुळे निवाडा करणारा कुणी उरलेला नाही.

हा 'मार्च फॉर लाइफ'. २२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क घटनेने दिलेला आहे, असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला या निर्णयाविरुद्ध पहिला मोर्चा निघाला आणि मग तो दरवर्षी निघत राहिला. २०२१ साली कोरोना आणि कॅपिटॉलवरील हल्ल्यानंतरचा बंदोबस्त यांमुळे लोकांना घरीच थांबायला सांगावे लागले. तरी मूठभर मंडळी चाललीच. मागणी एकच होती : 'रो' रद्द करा. २४ जून २०२२ रोजी ती मान्य झाली.

आपल्याकडे मोर्चाची मागणी मान्य झाली की गुलाल उधळतो, हारतुरे होतात आणि मंडळी घरी जातात. इथे तसे झाले नाही. २०२३ च्या जानेवारीत बसगाड्या पुन्हा आल्या, २०२४ मध्ये भर हिमवर्षावात आल्या, २०२५ मध्येही आल्या. हवे ते मिळाल्यावरही ही माणसे का चालत आहेत? या प्रश्नाच्या उत्तरात अमेरिकेच्या राजकारणाबद्दल बरेच काही आहे आणि थोडे आपल्याबद्दलही आहे.

एकदाच काढायचा मोर्चा

१९७३ च्या शरद ऋतूत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागात नेली ग्रे नावाच्या बाईंच्या घरी तीसएक माणसे जमली. ग्रे मूळच्या टेक्ससच्या. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या महिला दलात नोकरी, पुढे केंद्र सरकारच्या परराष्ट्र आणि कामगार खात्यांत, शिवाय वकिलीचे शिक्षण. निकालाला वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी काय करायचे, हा बैठकीचा विषय. मोर्चा ठरला. एकदा लोकांनी रस्त्यावर येऊन सांगितले की काँग्रेस चूक दुरुस्त करील, अशी त्यांची समजूत होती. ग्रे बाई २०१२ मध्ये वारल्या तेव्हा त्या मोर्चाला जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती आणि त्या अखेरपर्यंत त्याच्या प्रमुख होत्या. कोणताही अपवाद नाही, कोणतीही तडजोड नाही, हा त्यांचा बाणा. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा अपवाद मान्य करणारे त्यांच्याच बाजूचे राजकारणीही त्यांना चालत नसत.

मुळात त्या निकालात होते काय? सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणाले की, गर्भ ठेवायचा की नाही हा स्त्रीच्या खासगी आयुष्यातला निर्णय आहे; पहिल्या तीन महिन्यांत राज्याने त्यात पडू नये, पुढे मातेच्या आरोग्यापुरते नियम करावेत, आणि गर्भ शरीराबाहेर जगू शकेल इतका वाढला की मगच मनाईचा विचार करावा. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन हे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले होते.

ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते, कारण तेव्हा पक्षांच्या रांगा अशा आखलेल्याच नव्हत्या. कोलोरॅडोने १९६७ मध्येच आपला कायदा सैल केला होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या तशाच कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन! न्यूयॉर्कने १९७० मध्ये चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा दिली. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या महासभेने १९७१ च्या ठरावात आईच्या शारीरिक व मानसिक आरोग्यासाठी गर्भपाताला वाव ठेवला होता. पहिल्या मोर्चांत चालणारे बहुतेक कॅथलिक होते. राज्याराज्यांत, विधिमंडळांत, भांडत-तंडत हा प्रश्न पुढे सरकत होता. 'रो'ने तो एका फटक्यात सर्वांसाठी सोडवला आणि हरलेल्या बाजूला दाद मागायला विधिमंडळाचे दार उरले नाही. मोर्चाचा जन्म या अडकलेपणातून झाला.

न्यायासनाचा मार्ग

घटना बदलावी, हा पहिला प्रयत्न होता. १९८३ मध्ये सिनेटमध्ये घटनादुरुस्तीला ४९ मते पडली; हवी होती ६७. तो रस्ता बंद झाल्यावर चळवळीने दुसरा धरला : निकाल बदलायचा तर न्यायाधीश बदलायचे, आणि न्यायाधीश बदलायचे तर त्यांना नेमणारा अध्यक्ष आपला हवा. तोवर प्रॉटेस्टंट उजवेही या बाजूला येऊन मिळाले होते. अध्यक्ष झालेले रेगन व्हाइट हाउसमधून मोर्चाला दूरध्वनीवरून संबोधू लागले. थोरल्या आणि धाकट्या बुश यांनी हा रिवाज पाळला. रिपब्लिकन अध्यक्ष मोर्चाला आवाज देत. देह मात्र जपून लांब ठेवत.

या मार्गावर पहिली मोठी ठेच १९९२ मध्ये लागली. त्या वर्षी नऊपैकी आठ न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. 'रो' जाणार, असे दोन्ही बाजूंनी धरले होते. पण 'केसी' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा गाभा कायम राहिला. वाचवणाऱ्या पाचांत रेगन आणि बुश यांनी नेमलेले तिघे होते. आणि डेमोक्रॅट अध्यक्षाने नेमलेला न्यायालयातला एकमेव न्यायमूर्ती, बायरन व्हाइट, 'रो'च्या विरोधात होता!

त्यानंतर उमेदवारांची पारख कसून होऊ लागली. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी कसे न्यायाधीश नेमू, हे निवडणुकीआधीच यादी देऊन सांगितले. एका कारकिर्दीत त्यांना तिघे नेमता आले. २४ जानेवारी २०२० रोजी ते स्वतः मोर्चाच्या मंचावर उभे राहिले. पदावर असताना तिथे येणारे ते पहिले अध्यक्ष. अडीच वर्षांनी मिसिसिपी राज्याच्या पंधरा आठवड्यांच्या मर्यादेवरून आलेल्या 'डॉब्ज' खटल्यात पाच न्यायमूर्तींनी 'रो' आणि 'केसी' दोन्ही मोडीत काढले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना मिसिसिपीचा कायदा मान्य होता, 'रो' समूळ उखडणे मान्य नव्हते. न्यायमूर्ती अलिटो यांच्या निकालपत्राचा आशय असा, की हा प्रश्न लोकांकडे आणि त्यांच्या प्रतिनिधींकडे परत जात आहे.

लोकांकडे गेलेला प्रश्न

तो खरोखरच लोकांकडे गेला. आणि लोकांनी जे केले त्याची तयारी मोर्चाने केलेली नव्हती. निकालाला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात मतदान झाले. राज्यघटनेतून गर्भपाताचा हक्क काढून टाकण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. २०२३ मध्ये ओहायोने हा हक्क राज्यघटनेत घातला. २०२४ च्या नोव्हेंबरात दहा राज्यांत मतदान झाले, त्यांतल्या सात राज्यांत हक्काची बाजू जिंकली. फ्लॉरिडात तिला ५७ टक्के मते मिळूनही ती हरली, कारण तिथे साठ टक्क्यांची अट आहे. मिसूरीत तर असे झाले की ट्रम्प यांना निवडून देणाऱ्या मतदारांनीच गर्भपाताच्या हक्कालाही कौल दिला.

पक्षाने वारे ओळखले. देशभर बंदी घालण्याची जी मागणी रिपब्लिकन जाहीरनाम्यात वर्षानुवर्षे होती ती २०२४ मध्ये गळाली. राज्यांनी आपापले पाहावे, असे ट्रम्प म्हणू लागले. डझनभर राज्यांत जवळपास संपूर्ण बंदी आली, तरी देशातल्या गर्भपातांची संख्या घटली नाही. गटमाकर संस्थेच्या अंदाजाने २०२३ मध्ये ती दहा लाखांवर गेली, आणि त्यांतले बहुसंख्य गोळ्यांनी झालेले. बंदीच्या राज्यातली बाई शेजारच्या राज्यात जाते किंवा टपालाने गोळ्या मागवते. जिला यातले काहीच जमत नाही ती अडकते. गर्भ वाचणार नाही हे दिसत असूनही कायद्याच्या धाकाने डॉक्टर थांबून राहिले आणि रुग्ण दगावली, अशा घटना जॉर्जिया आणि टेक्ससमधून पत्रकारांनी उजेडात आणल्या.

मोर्चा अजून का निघतो, याचे उत्तर इथे आहे. एकोणपन्नास वर्षे तो नऊ माणसांशी बोलत होता. त्या नऊंपैकी पाच जण पटले आणि मग ध्यानात आले की शेजारी पटलेलाच नाही. २०२३ च्या मोर्चाचा समारोप एकट्या न्यायालयापाशी न करता न्यायालय आणि कॅपिटॉल यांच्या मधल्या जागेत झाला. राज्याराज्यांच्या राजधान्यांतही आता असे मोर्चे निघतात. पण चालणे हे आपल्या माणसांचे बळ वाढवण्याचे साधन आहे. काठावर उभ्या असलेल्याचे मन वळवायला ते फारसे उपयोगी पडत नाही.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. 'रो' हाती होता तोवर हक्काच्या बाजूची मंडळी न्यायालयावर विसंबून राहिली आणि राज्याराज्यांतली विधिमंडळे हातची जाऊ दिली. ज्या दिवशी छप्पर उडाले त्या दिवशी खाली भिंती नाहीत हे दिसले. कॅन्सस आणि ओहायोत त्यांनी दारोदार जाऊन जे केले ते पन्नास वर्षे आधी करायचे होते.

आपल्याकडचा शांत कायदा

हे वाचताना मराठी वाचकाला वाटेल, आपण किती पुढारलेले! १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह. १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे 'रो'च्याही आधी. बाजूने मोर्चा नाही, विरोधात मोर्चा नाही. असुरक्षित गर्भपातात मरणाऱ्या बायकांची काळजी आणि वाढत्या लोकसंख्येची धास्ती, अशी दोन कारणे एकत्र आली आणि काम झाले.

परंतु न भांडता मिळालेल्या गोष्टीची एक किंमत असते. आपल्या कायद्याने गर्भपाताचा हक्क स्त्रीला दिलेला नाही. परवानगी देण्याचा अधिकार डॉक्टरला दिला आहे. दंडविधानात गर्भपात हा आजही गुन्हाच आहे, जुन्या कलम ३१२ ची जागा नव्या न्याय संहितेच्या कलम ८८ ने घेतली एवढेच. १९७१ चा कायदा म्हणजे त्याला अपवाद. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत नेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही तो लाभ दिला. ते वर्ष 'डॉब्ज'चेच, हे लक्षात घेण्याजोगे. पण मुदत उलटली की बाईने न्यायालयाचे दार ठोठवायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहितेला तिथेही नकार मिळाला.

गर्भपातावरून महाराष्ट्रात जे आंदोलन झाले ते निराळ्याच कारणाने : गर्भलिंगनिदानाविरुद्ध. ते स्त्री संघटनांनी उभारले आणि त्यातून १९८८ मध्ये देशातला असा पहिला कायदा राज्याने केला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ८०७ च होत्या. कायदा होता, पटलेले नव्हते. गर्भपाताला विरोध नाही, पण मुलगी म्हणून गर्भ पाडायला आहे, ही भूमिका घराघरांत समजावणे सोपे नाही. आणि न समजावल्यामुळेच पुष्कळ ठिकाणी कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या बाईकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रश्न लोकांपुढे नेऊन सोडवणारा एक देश आहे, तो आयर्लंड. १९८३ मध्ये तिथल्या लोकांनीच मतदानाने बंदी घटनेत घातली होती. २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात बेळगावची एक तरुण दंतवैद्यक गर्भपात नाकारला गेल्यावर जंतुसंसर्गाने मरण पावली. देश हादरला. नागरिकांची सभा बसली, महिनोन्‌महिने चर्चा झाली आणि २०१८ मध्ये ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी बंदी उठली. बेळगावातल्या एका घराने मोजलेली ही किंमत कोणत्याच मतमोजणीत धरलेली नाही.

एक आक्षेप इथे रास्त आहे. लोकांना पटेपर्यंत थांबायचे, तर तोवर ज्या बाईच्या अंगात विष भिनते आहे तिने काय करायचे? तिला वीस वर्षांनी होणारे मतदान उपयोगाचे नाही. म्हणून न्यायालये हवीत, आणि त्यांनी पटण्याआधीच दिलेले संरक्षणही हवे. मात्र ते संरक्षण मिळाल्यावर काम संपले असे मानणारे पुढे ते गमावतात, हे 'रो'ने दाखवले. आणि ते मोडल्यावर आपण जिंकलो असे मानणाऱ्यांना पुढच्या जानेवारीत पुन्हा बसगाड्या कराव्या लागतात.