नाव ब्रह्मकमळ, जात निवडुंगाची

आपल्या जळगाव-धुळ्यात कुणाकडे 'ब्रह्मकमळ' फुललं की रात्री अख्खी गल्ली जमते. पूजा होते, फोटो निघतात. पण खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं! आपल्या कुंडीत असतो तो मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. त्याची 'पानं' म्हणजे चपटी खोडंच. म्हणून तर तुकडा खोचला की रोप येतं.

हे वाचलं आणि मी शहाणपणा केला. निवडुंगाला ऊन चालतंच, म्हणून आजीची कुंडी मे महिन्यात गच्चीवर नेली. आठवड्यात सगळं पिवळं पडून करपलं. कारण हा निवडुंग वाळवंटातला नाही. जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. त्याला सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली आणि पाणी निथळणारी भुसभुशीत माती हवी. पाणी माती वरून सुकल्यावरच. साचलं तर मुळं कुजतात.

आजी रागावली नाही. वाचलेला एक हिरवा तुकडा तिने दोन दिवस सुकवून नव्या कुंडीत लावला.

नुसतं नाव वाचून मशीन कळत नाही, हे आपण वर्कशॉपमध्ये शिकतो. झाडाचंही तसंच. पूजा जरूर करा, पण आधी त्याचा स्वभाव ओळखा. दोन पावसाळे गेले, अजून फूल नाही. आजी वाट बघतेय, आणि मीही!