चाकांवरचे घर आणि गॅसची ज्योत

अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेले आपले वडीलधारे कधी कधी 'कॅम्पर'मधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, प्रवास करतात. त्यातील शेगडी, फ्रीज व हीटर बहुधा प्रोपेनवर चालतात. ब्युटेन शून्य अंशाखाली द्रवरूपच राहतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. म्हणून थंड मुलुखात त्यालाच पसंती.

प्रश्न असा की, गाडी धावत असताना हीटर चालू ठेवावा काय? बंद ठेवला, तर कडाक्याच्या थंडीत पाण्याचे नळ गोठून फुटण्याची भीती. चालू ठेवला आणि अपघातात गॅसची नळी तुटली, तर हवेहून दीडपट जड असलेला हा वायू तळाशी साचतो. मग एक ठिणगी पुरते. पेट्रोल भरताना तर प्रत्येक ज्योत विझलेलीच असावी. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनच्या मोठ्या टाक्या नेण्यासच मनाई आहे.

उपाय अवघड नाही. निघण्यापूर्वी आतील भाग उबदार करून टाकीचा कॉक बंद करावा. नळांतील पाणी काढून टाकावे. दार न उघडल्यास बंद फ्रीजही काही तास थंड राहतो. मुक्कामी पोहोचल्यावर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र तपासावे, मगच हीटर पेटवावा. त्या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही.

फुटलेल्या नळाचा खर्च वहीत मांडता येतो. गेलेल्या जीवाची भरपाई कोणत्याच खात्यावर जमा होत नाही.