शोभेचा अळू

"शोभेची झाडे लावणे हे पोट भरलेल्यांचे काम," असे मत वर्गातील एका चर्चेत मांडले गेले आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच मान्य नाही.

कॅलेडियमचेच उदाहरण घ्या. घाट अळूच्या पानाचा, पण हिरव्यावर लाल शिरा, गुलाबी ठिपके. काही जातींत तर सबंध पान पांढरे आणि शिरा तेवढ्या हिरव्या. मूळचे ते दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. आपला अळू आणि सुरण त्याच्याच कुळातले. गंमत म्हणजे 'कॅलेडियम' हे नाव आले मलायी भाषेतील 'केलादी' या शब्दावरून, आणि केलादी म्हणजे अळू! बंगल्यातल्या कुंडीचे हे भारदस्त नाव मुळात परसातल्या भाजीचे आहे.

आमच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू वाढतो. जवळच सावलीत, तेलाच्या जुन्या डब्याला भोके पाडून मी कॅलेडियम लावला तेव्हा आई म्हणाली, "खायाचं न्हाई तर लावायचं कशापायी?" प्रश्न रास्त आहे. घसा खवखवायला लावणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक अळूत असतात, तसे यातही असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो. हे पान मात्र खायचेच नाही, मुलांच्या व गुरांच्या तोंडी लागू द्यायचे नाही. पण आई रोज उंबऱ्यापुढे रांगोळी काढते, ती तरी कोण खातो? (हे मी तिला विचारले नाही. तेवढे धैर्य बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात येत नाही.)

खर्च म्हणावा तर काहीच नाही. पाण्याचा निचरा होणारी माती, ओल आणि भरपूर उजेड. दुपारचे ऊन मात्र नको, पाने करपतात.

खरी नासाडी होते ती अज्ञानामुळे. थंडीच्या सुमारास पाने पिवळी पडून माना टाकतात आणि 'झाड मेले' म्हणून कुंडी उकिरड्यावर रिकामी होते. वास्तविक कंद जिवंत असतो, झोपलेला असतो. पाणी तोडावे, कंद कोरड्या मातीत ठेवावा, उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा लावावा. मोठ्या कंदाचे डोळ्यासकट तुकडे केले की एकाची चार झाडे होतात.

तेव्हा प्राध्यापकांना माझी विनंती अशी : महाविद्यालयातील कुंड्यांचे कंद यंदा फेकू नयेत. ज्यांच्या घरी आजवर कुंडी आलेली नाही, अशा विद्यार्थ्यांना ते वाटावेत. डबे आम्ही आणू.