'ओव्हरप्रोड्यूस्ड' म्हणजे नक्की काय?

एखादं प्रेमगाणं ऐकून 'बरं आहे, पण ओव्हरप्रोड्यूस्ड वाटतं' असं म्हटलं की माणूस लगेच दर्दी ठरतो. त्याच गाण्याचं अनप्लग्ड व्हर्जन आलं, एक गिटार, जरा घोगरा आवाज, मागे पंख्याची घरघर, की ते 'किती खरं!' त्या पंख्यासकट तो कितवा टेक होता, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हा शुद्ध आळस आहे, आणि तो ऐकणाऱ्यांचा आहे.

'टेनसीसी' या ब्रिटिश बँडचं १९७५ सालचं 'आय एम नॉट इन लव्ह' घ्या. त्यात मागे ढगासारखे जे आवाज तरंगतात, तो सिंथेसायझर नाही. ती तीन माणसं आहेत. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत एरिक स्टुअर्टने बँडमधल्या बाकी तिघांना एकेका सुरावर नुसता 'आ' लावायला उभं केलं. प्रत्येक सूर १६ वेळा, म्हणजे एका सुराला ४८ आवाज. असे सप्तकातले सगळे सूर. हे काम तीन आठवडे चाललं. मग टेपचे साधारण बारा फुटांचे लूप करून, माइकच्या स्टँडवरून ताणून फिरवले, आणि मिक्सिंग डेस्कचे फेडर वर-खाली करत तो अख्खा डेस्कच वाद्यासारखा वाजवला. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून तिथे चिकटपट्टी लावली. त्यामुळे सगळे सूर मागे पुसटसे चालूच राहतात.

आता गंमत बघा. गाण्यातला माणूस आपलं प्रेम नाकारत बसलाय, आणि त्याच्या मागचे आवाज काही केल्या गप्प बसत नाहीत. ही चिकटपट्टी म्हणजे वरून मारलेलं पॉलिश नाही, गाण्याचा अर्थच आहे. एका गिटारवर हे करून दाखवा.

हेच गाणं आधी बोसा नोव्हाच्या ठेक्यावर झालं होतं. पटलं नाही म्हणून टाकून दिलं. (आमच्या धंद्यात याला रीराइट म्हणतात, आणि मॅनेजरसमोर तो शब्द काढायची सोय नसते.)

सोल संगीताचं तर विचारूच नका. तिथे 'आत्म्यातून आलेलं' हा शिक्का नावातच आहे, त्यामुळे मेहनत आणखीच अदृश्य होते. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत काम करणारा थॉम बेल लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेला. त्याने प्रेमगीतांत फ्रेंच हॉर्न आणि ओबो आणले. त्याने केलेल्या, स्टायलिस्टिक्सच्या 'यू मेक मी फील ब्रँड न्यू'मध्ये इलेक्ट्रिक सितार आहे. म्हणजे गिटारच, पण तिची घोडी अशी बनवलेली की तार तिच्यावर घासून झणझणावी. ही आपल्या जवारीची नक्कल. आणि जवारी म्हणजे काय, हे मिरजेत कुणालाही विचारा. घोडी हाताने घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. ज्या तंबोऱ्याला आपण 'नैसर्गिक' म्हणतो, त्याचा नाद असा केसाएवढ्या फरकाने घडवलेला असतो. त्याला कुणी ओव्हरप्रोड्यूस्ड म्हटल्याचं ऐकलंय?

एक आक्षेप मला मान्य आहे. आज चकाकी स्वस्त झाली आहे. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं, आता ४८ आवाजांचा कोरस प्लगइनमधून मिनिटभरात निघतो, आणि सगळी गाणी एकाच लाँड्रीतून इस्त्री होऊन आल्यासारखी वाटतात. पण मग शिव्या त्या न घेतलेल्या निर्णयांना द्या. डीफॉल्ट सेटिंग तसंच सोडणाऱ्याला आणि तीन आठवडे 'आ' रेकॉर्ड करणाऱ्याला एकाच शब्दात का गुंडाळता?

'आय एम नॉट इन लव्ह'च्या मध्यात एक बाई कुजबुजते. ती गायिका नव्हती, स्टुडिओची रिसेप्शनिस्ट होती, कॅथी रेडफर्न. फोन आलाय हे सांगायला ती दार उघडून हळूच बोलली, आणि आतल्या लोकांना कळलं की हाच आवाज हवा. त्यांनी तिला माइकसमोर बसवलं. हेडफोन लावून तेवढा तुकडा ऐका, आणि तो कुठल्या प्लगइनमध्ये सापडतो ते मला सांगा.