पानापक्कडीची पिशवी अंगणात भरा

पावसाळा ओसरू लागला की पुण्यामुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून जुन्या बुलेट पुन्हा लांबच्या वाटेला लागतात. कुणी आंबोली उतरून गोव्याला जातो, कुणी अणुस्कुऱ्याच्या घाटातून राजापूरकडे. निघण्याआधी हत्यारे हवीत म्हणून चाळीस-पन्नास नगांचा चकचकीत संच विकत घेतला जातो, गाडीला बांधला जातो आणि विसरला जातो. गाडी आडवाटेला बंद पडली की कळते, त्यातले बरेचसे पाने या गाडीच्या एकाही नटाला नीट बसत नाहीत आणि जो एक पाना हवा तो संचात नाही. माझे म्हणणे साधे आहे. जुन्या गाडीची पिशवी दुकानाच्या यादीवरून भरता येत नाही, ती त्या एकाच गाडीवरून ठरते. आणि ती ठरवण्याची खात्रीची रीत एकच: पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूने निघण्यापूर्वी घरच्या अंगणात एकदा काम केलेले असावे.

हे बुलेटच्या बाबतीत विशेष खरे का, ते तिच्या जन्मकथेत आहे. मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची ही गाडी 1955 पासून मद्रासला जोडली जाऊ लागली आणि पुढे पूर्णपणे तिथेच बनू लागली. इंग्लंडमधला कारखाना बंद झाला तरी इथले उत्पादन चालूच राहिले. त्यामुळे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटवर दोन काळ एकत्र नांदतात. काही बोल्ट जुन्या ब्रिटिश आट्यांचे, काही मेट्रिक. ब्रिटिश व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेले माप नटाच्या तोंडाचे नसते, बोल्टच्या जाडीचे असते. पाव इंचाच्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे 13.3 मिलिमीटर भरते. त्या नटावर 13 चा पाना चढत नाही आणि 14 चा घसरतो. दोन-चार वेळा 14 चा जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात, मग कुठलाच पाना कामाचा राहत नाही. त्यात तीस-चाळीस वर्षांत चार मिस्त्रींनी हाताला आले ते नटबोल्ट बसवलेले असतात. एकाच वर्षी बनलेल्या दोन बुलेटनाही म्हणूनच सारखीच पिशवी चालेल याची खात्री देता येत नाही. कुठल्या नटाला काय बसते हे त्या गाडीशी एक सकाळ घालवूनच कळते.

आता ही गाडी रस्त्यात कशाने थांबते ते पाहू. साडेतीनशेच्या बुलेटचा सिलिंडर 70 मिलिमीटर रुंदीचा आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटरची. एकाच सिलिंडरमध्ये 346 सीसीचा एवढा लांब ठोका बसतो, म्हणून तिचा तो आवाज आहे आणि म्हणूनच तिचा थरकापही. या थरकापाने सायलेन्सरचा बोल्ट सैल होतो, बॅटरीच्या टोकावरची तार ढिली पडते, हँडलजवळ वायर घासून उघडी होते. पॉइंटवर चालणाऱ्या गाड्यांत पॉइंटची फट हलते. ही फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी लागते. ती कमी-जास्त झाली की गाडी आधी मिसिंग करते, मग किक मारून मारून पाय दुखला तरी उठत नाही. याचा इलाज तळहातावर मावतो: एक छोटा पेचकस, फीलर गेजच्या पट्ट्या, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जोडीला नवा कंडेन्सर. कंडेन्सर गेला की पॉइंट वारंवार जळतात आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. तो इतका लहान आणि स्वस्त आहे की बरोबर न नेण्याला सबब नाही. प्लग आणि प्लगचा पाना सगळेच नेतात. पण घरातून नेलेला तो पाना टाकीखालच्या अडचणीत प्लगवर सरळ बसतो का, हे बघणारे थोडेच. विजेच्या बिघाडासाठी महागडे मीटरही लागत नाही. बारा व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडल्या की कुठपर्यंत वीज येते ते दिसते. सोबत दोन-तीन फ्यूज, वायरचा हातभर तुकडा, इन्सुलेशन टेप आणि बारीक बाइंडिंग तार असली की बहुतेक प्रसंग निभावतात.

क्लचची आणि ॲक्सिलेटरची वायर तुटणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. इथे जुन्या भटक्यांची एक युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. नवी वायर पिशवीत वेटोळे करून न ठेवता चालू वायरीच्या शेजारूनच गाडीवर ओवून बांधून ठेवायची. तुटली की दोन्ही टोके अडकवली, काम झाले. टाकी काढायला नको, वाटा शोधायला नको. तिसरा प्रकार पेट्रोलचा. टाकीतला गंज आणि गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो, हे जुनेच दुखणे. त्यात आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये मान्य केले. तेव्हा हातभर नवी पेट्रोलची नळी, दोन क्लिपा आणि फ्लोटची सुई या वस्तू जुन्या पुस्तकांतल्या यादीत नसल्या तरी आजच्या पिशवीत हव्यातच.

आणि पंक्चर. तारांच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे बाहेरून दोरी ठोसून भागत नाही. चाक काढायचे, टायर लिव्हरने टायर सोडवायचा, ट्यूब बदलायची, हवा भरायची. ट्यूबलेस टायरवर वाढलेल्या नव्या चालकाला हे ठाऊकही नसते. मागच्या ॲक्सलचा नट घट्ट असतो. तो सोडवायला लांब दांड्याचा पाना लागतो आणि रेडीमेड संचातले आखूड पाने नेमके तिथेच हात टेकतात. लिव्हर दोन नकोत, तीन हव्यात. पहिली दोन धरून ठेवताना तिसरी काम करते. बरोबर पॅच आणि सोल्यूशनपेक्षा एक आख्खी नवी ट्यूब असणे महत्त्वाचे, कारण ट्यूब वॉल्व्हजवळ फाटली तर पॅच लागतच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रत्येक गावाच्या फाट्यावर मिस्त्री आहे, पंक्चरवाला आहे, मग हा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. फाट्यावरच्या मिस्त्रीचा हात पुष्कळदा शहरातल्या वर्कशॉपपेक्षा सरस असतो. उणीव असते ती सामानाची. त्याच्याकडे अठरा इंची चाकाच्या स्प्लेंडरच्या ट्यूबा असतात, जुन्या बुलेटच्या एकोणीस इंची चाकाची ट्यूब असेलच असे नाही. त्याच्याकडे दहा-बाराचे, चौदा-सतराचे पाने असतात, व्हिटवर्थचा पाना नसतो. तुमच्या गाडीची क्लच वायर, चेनची लिंक, पॉइंटचा सेट त्याने कुठून आणावा? म्हणून पिशवीत हत्यारांच्या आधी सुट्या भागांना जागा द्यावी असे माझे मत आहे. पक्कड आणि हातोडी मिस्त्रीकडून मागून घेता येते, तुमच्या गाडीचा कंडेन्सर मागून मिळत नाही. सामान तुमचे आणि हात त्याचे, अशी जोडी जमली तर अर्ध्या तासाचे काम खरोखर अर्ध्या तासात होते आणि मिस्त्रीलाही त्याच्या कसबाचे पैसे मिळतात.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 क्रमांक लावला की मदत मागता येते, विमा कंपन्याही रस्त्यावरच्या मदतीची हमी विकतात. ज्याला ती घ्यायची त्याने जरूर घ्यावी. पण दुचाकीचा रस्ता कोणता ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. फिरायला निघालेला चालक मुद्दामच किनाऱ्याचे, घाटातले, जिल्ह्याचे रस्ते धरतो. ताम्हिणीसारख्या घाटात मोबाइलला भरवशाची रेंज नसते. लडाखमध्ये तर आपल्याकडची प्रीपेड सिम चालतच नाहीत. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पेट्रोल पंपाबाहेर पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे असे सांगणारी पाटी वर्षानुवर्षे होती, आणि बुलेटवाले हौसेने तिच्याशेजारी फोटो काढत. अशा रस्त्यावर मदत येईपर्यंतचे तास थंडीत आणि अंधारात काढायचे असतात, हे आधीच धरून चालावे.

वजनाची तक्रार मात्र मला पूर्ण पटते. सगळेच घ्यायचे म्हटले तर पिशवी गोणी होते, आणि जुन्या गाडीच्या मागच्या टोकाला लटकवलेले वजन वळणावर जाणवते. म्हणूनच अंगणातल्या परीक्षेचा आग्रह. गाडीवरच्या ज्या नटांना रस्त्यात हात लावावा लागेल तेवढ्यांचेच पाने घ्या, बाकीचे घरी ठेवा. घेतलेले पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधून खाली, फ्रेमजवळच्या डब्यात ठेवा. पाठीवरच्या सॅकमध्ये पाने नेऊ नयेत, पडलात तर तेच लोखंड मणक्यात घुसते. पिशवीला हद्दही हवी. गिअरबॉक्स फुटला, इंजिनातून ठणठण आवाज आला, तर रस्त्याच्या कडेला इंजिन उघडण्याची हौस करू नये. छोटा हत्ती बोलवावा आणि गाडी चढवावी. दोरी बांधून एका दुचाकीने दुसरी घाटात ओढणे तर निव्वळ जिवाशी खेळ आहे. वळणावर गाडी उभी करून काम करण्यापेक्षा ती ढकलत सरळ पट्ट्यापर्यंत न्यावी, आणि चमकत्या पट्ट्यांचे जाकीट व डोक्याला बांधायची विजेरी पान्यांच्याही वर, पहिल्यांदा हाताला लागेल अशी ठेवावी.

राहता राहिला मोठा प्रश्न, असल्या जुन्या गाड्या लांबच्या रस्त्यावर हव्यातच कशाला? पंधरा वर्षांनंतर गाडी तपासून पुन्हा नोंदवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. हे सोपस्कार पूर्ण करून जी गाडी रस्त्यावर आहे तिची फट, जेट आणि हवा जागेवर असणे हे सगळ्यांच्याच हिताचे, कारण पॉइंट बिघडलेली गाडी पेट्रोल अर्धवट जाळते आणि धूर जास्त सोडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला, हे चांगलेच झाले. नव्या गाड्यांच्या मालकांना त्या हक्कासाठी भांडावे लागेल. जुन्या बुलेटच्या मालकाला तो गाडीबरोबरच मिळाला आहे. तिच्यात संगणक नाही, कुलूपबंद भाग नाही, साध्या पान्याने न उघडणारे फारसे काही नाही. हा हक्क वापरायचा सोडून मिस्त्रीची वाट पाहत बसणारा मालक मला खटकतो.

राज्यात बुलेटवाल्यांचे गट गावोगावी आहेत. त्यांना एक विनंती. पुढच्या फेरीआधीचा एक रविवार काढा. प्रत्येकाने फक्त आपली पिशवी घेऊन बसावे आणि घरातले एकही हत्यार न वापरता मागचे चाक काढावे, ट्यूब बदलावी, हातपंपाने हवा भरावी, क्लचची वायर बदलावी, पॉइंटची फट लावावी. ज्यासाठी घरात धावावे लागले ते पिशवीत घाला, आणि ज्याला दिवसभरात हात लागला नाही ते बाहेर काढा.