बॅटरीची आग आणि जोखमीची वाटणी

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका लॉजच्या तळघरातील विजेवरील स्कूटरच्या दुकानाला आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि आठ माणसे प्राणांस मुकली. वर उतरलेल्या प्रवाशांना खालच्या व्यापाराशी काही देणेघेणे नव्हते. नफा एकाचा आणि जोखीम भलत्याचीच, हा न्याय येथे उघडा पडला.

अशा दुर्घटनेनंतर खापर बहुधा वापरणाऱ्यावर फुटते. रात्रभर चार्जिंग केले, स्वस्त चार्जर लावला, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. लिथियम-आयन बॅटरीत ज्वलनशील द्रव असतो. सदोष बांधणी, आघात किंवा अतिरिक्त चार्जिंग यांमुळे एका सेलमध्ये शॉर्टसर्किट झाले की उष्णता शेजारच्या सेलना पेटवीत जाते. विषारी वायू बाहेर पडतात आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. हा धोका मुळात कारखान्यातच आटोक्यात आणावा लागतो; घरातील सावधगिरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

पेट्रोलची वाहनेही पेटतात, हे खरे. विरोध विजेच्या वाहनाला नाही; सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आहे. घरोघर खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या कामगाराला वाहन स्वतःचे आणावे लागते. मिळकत फेऱ्यांवर अवलंबून असल्याने तो स्वस्त किंवा जुनी बॅटरी घेतो आणि चार्जिंगची दुसरी सोय नसल्याने ती राहत्या खोलीतच लावतो. कंपनीचा वाचलेला खर्च अशा रीतीने कामगाराच्या बिछान्याशेजारी येऊन बसतो.

न्यूयॉर्कचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे २०२३ साली अशा आगींत १८ माणसे मेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांची विक्री कायद्याने बंद झाली. २०२४ मध्ये डिलिव्हरी कामगारांसाठी घराबाहेर चार्जिंगचा प्रयोग पाच ठिकाणी सुरू झाला. त्या वर्षी आगी घटल्या नाहीत, परंतु मृत्यू ६ वर आले. कारण अधिक आगी घराबाहेर लागल्या. सार्वजनिक हस्तक्षेपाने प्राण वाचू शकतात, याची ही साक्ष होय.

भारतात २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे मानक कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि, २५० वॉटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या दुचाकींना नोंदणीच लागत नाही. गरीब कामगाराच्या हाती नेमकी हीच गाडी असते. जिची नोंद नाही तिच्यात पुढे कोणती बॅटरी बसविली, हे तपासणार कोण? २०२२ च्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे ती सुटी होऊन पुन्हा जोडली जाते, तेथे हा नियम पोहोचत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. डिलिव्हरी कंपन्यांनी प्रमाणित बॅटरी स्वखर्चाने पुरवावी. नगरपालिकांनी वस्तीबाहेर चार्जिंगची जागा द्यावी. माणसे झोपतात त्या इमारतीच्या तळघरात बॅटऱ्यांचा साठा करण्यास परवानगी नसावी. कार्यकर्त्यांनी वस्त्यांत सावधगिरी अवश्य शिकवावी. परंतु जबाबदारीचा हिशेब कारखान्याच्या आणि कंपनीच्या दारातच मागितला पाहिजे.